टोरंटोचा पाथ: युनियन स्टेशन ते सिटी हॉल, बाहेर न पडता कसं जायचं?

नवा_टोरंटोकर

नमस्कार. जानेवारीपासून ऑफिस किंग आणि बे रस्त्यांच्या चौकाजवळ असणार आहे. रोज गो ट्रेनने (उपनगरांतून येणारी लोकल) युनियन स्टेशनला उतरायचं. फेब्रुवारीत पुण्याहून आई-बाबा येतील. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत, आणि बर्फावरून चालणं तर नकोच. जमिनीखालून 'पाथ' नावाची पायवाट आहे एवढं कळलंय, नकाशाही उतरवून घेतला, पण त्यावर इतके रंगीत तुकडे आहेत की सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. प्रश्न असे:

१. युनियनपासून किंग-बे आणि पुढे सिटी हॉलपर्यंत नेमका रस्ता कोणता?
२. मोबाइलवरचा नकाशा खाली चालतो का?
३. शनिवार-रविवारी उघडं असतं का?
४. आईला घेऊन जायचं तर जिने कुठे लागतात?

आधीच आभार.

उंबरठा

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. पाथ म्हणजे एक बोगदा नाही. ती इमारतींच्या तळघरांची साखळी आहे. ७५ हून अधिक इमारती एकमेकींना जोडल्यात, एकूण लांबी ३० किलोमीटरच्या वर, दुकानं आणि सेवा मिळून सुमारे १,२००. प्रत्येक तळघराचा मालक वेगळा. त्यामुळे वेळा, जिने, दिवे, पाट्या, फरशी सगळं इमारतीगणिक बदलतं. नगरपालिका १९८७ पासून यात समन्वय करते, पण तळघरं खाजगीच राहिली. म्हणून रस्त्यांच्या नावांनी शोधायला जाल तर हरवाल. खाली रस्ते नसतातच. इमारतींची नावं क्रमाने पाठ करा.

तुमचा क्रम असा, दक्षिणेकडून उत्तरेकडे:

युनियन → रॉयल बँक प्लाझा → टीडी सेंटर → फर्स्ट कॅनेडियन प्लेस → रिचमंड-अॅडलेड सेंटर → शेरेटन सेंटर → सिटी हॉल.

किंग-बेचं ऑफिस असेल तर टीडी सेंटर किंवा फर्स्ट कॅनेडियन प्लेसपाशीच वर यायचं. ती दोन्ही किंग रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. सिटी हॉलला जाताना शेरेटनमधून क्वीन रस्त्याखालून नेथन फिलिप्स चौकाच्या भूमिगत पार्किंगमध्ये निघता. तिथून वर आलात की समोर बर्फावर स्केटिंग करायचं तळं आणि सिटी हॉलचे दोन वक्र मनोरे.

अंतर साधारण एक-सव्वा किलोमीटर धरा. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा, सवय झाली की पंधरा पुरतात.

आता कुठे पोचलो हे ओळखायची खूण. चालता चालता दुकानं संपतात, वाट अरुंद होते, छत खाली येतं, बहुतेक ठिकाणी थोडा उतार किंवा चार पायऱ्या लागतात, आणि दोन्ही टोकांना काचेची दारं असतात. हा तुकडा म्हणजे डोक्यावर रस्ता. रस्त्याखालची जागा नगरपालिकेची असते, तिथे सहसा दुकानं नसतात, म्हणून भिंती मोकळ्या. दार ओलांडलं की पायाखालची फरशी बदलते: इथवर करडा ग्रॅनाइट, पुढे पॉलिश केलेला पांढरट दगड, कुठे टेराझो (दगडाचे तुकडे बसवून घासलेली फरशी). फरशीची ती रेघ म्हणजे इमारतीची हद्द. रॉयल बँक प्लाझाहून निघाल्यावर असे पाच तुकडे मोजा: वेलिंग्टन, किंग, अॅडलेड, रिचमंड, क्वीन. फ्रंट रस्ता यात धरत नाही, कारण त्याच्या खाली सबवेचं स्टेशनच आहे.

मोबाइलबद्दल: खाली जीपीएस उपयोगाचं नाही, निळा ठिपका भलत्याच इमारतीत जाऊन बसतो. नगरपालिकेच्या नकाशाची पीडीएफ फोनमध्ये आहे ना, ती पुरे. ती उघडून पहिल्यांदा 'मी आत्ता कुठल्या इमारतीत आहे' हे शोधायचं. नाव बहुतेक वेळा खांबावर, फूड कोर्टच्या दाराशी किंवा लिफ्टच्या वर असतं.

दिशादर्शक

उंबरठा यांनी क्रम बरोबर दिलाय. पाट्यांबद्दल भर घालतो.

पाथच्या मूळ खुणेत इंग्रजीतली चार अक्षरं चार रंगांत आहेत, आणि प्रत्येक रंगाला एक दिशा दिलेली आहे: लाल 'पी' म्हणजे दक्षिण, केशरी 'ए' म्हणजे पश्चिम, निळा 'टी' म्हणजे उत्तर, पिवळा 'एच' म्हणजे पूर्व. ही पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. सिटी हॉलकडे जाताना निळा, परतताना लाल, एवढं लक्षात ठेवलं तरी दिशाभूल टळते.

पण फक्त रंगांवर विसंबू नका. अडचण अशी की इमारतीचा मालक आपल्या दुकानांच्या पाट्या मोठ्या लावतो आणि पाथची पाटी त्यात छोटी पडते. फूड कोर्टच्या मध्यभागी उभं राहून ती शोधत बसू नका, सापडत नाही. कडेला या, जिथून वाट बाहेर पडते तिथल्या दाराच्या वर पाहा. पाटी दारावर असते, चौकात नसते. माझ्या मते ही या जाळ्याची सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण माणूस हरवतो तो चौकातच.

टीडी सेंटर मात्र बघताक्षणी ओळखता येतं. वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोहच्या रचनेत खालच्या दुकानांच्या पाट्यांनाही शिस्त होती: काळ्या पट्टीवर एकाच वळणाची पांढरी अक्षरं. ओळीने तसं दिसलं की आपण १९६७ साली उघडलेल्या त्या संकुलात आहोत असं समजा. तिथून उत्तरेचं दार किंग रस्त्याखाली नेतं.

युनियनवर एक घोटाळा जवळजवळ प्रत्येकाचा होतो. तिथे एकाच नावाखाली तीन गोष्टी आहेत: लांब पल्ल्याच्या रेल्वेचं भव्य सभागृह, गो ट्रेनचे बे आणि यॉर्क हे दोन कॉन्कोर्स (प्रवाशांची दालनं), आणि सबवेचं स्टेशन. गोने येऊन पाथला जायचं असेल तर सबवेच्या गेटवर कार्ड टेकवू नका. पाथ त्या गेटच्या बाहेरच आहे, त्याला पैसे लागत नाहीत. कार्ड टेकवलं की भाडं कापलं जातं.

नवा_टोरंटोकर

फारच छान. मोजायची युक्ती लिहून घेतली. आईच्या बाबतीत मात्र अजून शंका आहे. व्हीलचेअर घेतली तर पूर्ण रस्ता पार होईल का? आणि सगळं एकाच पातळीवर का नाही बांधलं? मुद्दाम पायऱ्या कशाला ठेवल्या असतील?

खालचा_मजला

पायऱ्या कुणी हौसेने ठेवल्या नाहीत. कारणं तीन.

पहिलं, इमारती वेगवेगळ्या काळात उभ्या राहिल्या. सुरुवात १९०० साली, ईटन कंपनीने आपलं मोठं दुकान आणि शेजारची स्वस्त मालाची इमारत बोगद्याने जोडली तेव्हा. १९१७ पर्यंत शहराच्या मध्यात असे पाच बोगदे झाले होते. पुढे युनियन आणि रॉयल यॉर्क हॉटेल जोडलं गेलं. खरी वाढ झाली १९६०-७०च्या दशकात, बँकांचे मनोरे आले तेव्हा. प्रत्येकाने आपल्या पायाच्या हिशोबाने तळघराची पातळी ठरवली. शेजाऱ्याची पातळी एक मीटर वर की खाली, याची कुणाला फिकीर नव्हती. जोडायची वेळ आली तेव्हा तो फरक रस्त्याखालच्या तुकड्यातच भरून काढावा लागला.

दुसरं, रस्त्याखालची जागा रिकामी नसते. जलवाहिनी, गटारवाहिनी, गॅसची नळी, विजेच्या केबलचे डक्ट, टेलिफोनची चेंबर. किंग आणि क्वीनवर तर वर ट्रामचे रूळही. गटारवाहिनी उताराने वाहते, तिला बोगद्यासाठी उचलून वर नेता येत नाही, मग बोगदाच तिच्याखाली दबवावा लागतो. तुम्ही चार पायऱ्या उतरून पुन्हा चार चढता, तेव्हा बहुतेक वेळा डोक्यावर अशी एखादी वाहिनी असते.

तिसरं, दक्षिणेच्या ओंटारिओ तळ्यापासून उत्तरेकडे जमीनच चढत जाते.

नवा दुवा कसा बांधतात तेही सांगतो, म्हणजे तिथे वारंवार काम का चाललेलं असतं ते कळेल. इमारत बांधतानाच तळघराच्या भिंतीत एक चौकट ठेवतात, जिच्यातली भिंत पुढे फोडता येईल अशी. तिच्याभोवती सळई वेगळी बांधलेली असते, त्यामुळे फोडताना मूळ भिंतीला धक्का लागत नाही. समोरच्या मालकाशी आणि नगरपालिकेशी करार झाला की आधी वाहिन्या बाजूला घेतात. खर्च आणि वेळ सगळ्यात जास्त याच कामात जातो, बोगद्याच्या काँक्रीटमध्ये नाही. मग रस्ता अर्धा अर्धा खणतात, खड्ड्यावर तात्पुरता पूल टाकून वाहतूक चालू ठेवतात, खाली काँक्रीटची पेटी ओततात, बाहेरून वॉटरप्रूफिंगचा पडदा लावतात आणि माती भरतात.

बिघडतं ते सांध्यावर. इमारत आणि बोगदा वेगवेगळे हलतात, म्हणून मध्ये एक्स्पान्शन जॉइंट सोडतात, आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते बर्फ वितळल्यावर खारं पाणी होऊन सांध्यात उतरतं आणि सळईला गंज चढतो. मार्चच्या सुमारास रस्त्याखालच्या तुकड्यात छताकडे नीट पाहा: काँक्रीटवर पांढरे चुनकट ओघळ, त्याखाली पत्र्याचं पन्हाळं, पन्हाळ्याला प्लास्टिकची नळी, नळीचं तोंड भिंतीकडेच्या बादलीत. खाली पिवळी 'ओली फरशी' पाटी. तात्पुरता उपाय म्हणून लावलेलं ते पन्हाळं लगेच निघेल याची खात्री नसते, कारण दुरुस्तीसाठी वरचा रस्ता पुन्हा फोडावा लागतो.

मुसळधार पावसातही सखल भागात पाणी येतं. १६ जुलै २०२४ च्या पावसात पिअरसन विमानतळावर ९७.८ मिलिमीटर नोंद झाली आणि युनियन स्टेशनमध्ये पाणी शिरलं होतं. अशा दिवशी खाली उतरू नका.

सरळवाट

व्हीलचेअरचं उत्तर मी देते. जाता येतं, पण सरळ रेषेत नाही.

जिथे पायऱ्या आहेत तिथे बहुतेक ठिकाणी रॅम्प किंवा लिफ्ट आहे. मात्र लिफ्ट वाटेवर नसते, ती इमारतीच्या लॉबीत बाजूला असते. म्हणजे खालून वर लॉबीत, लॉबी ओलांडून दुसऱ्या लिफ्टने पुन्हा खाली, असा वळसा पडतो. नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेल्या जागा आधी पेनाने गोल करून घ्या. दारांजवळ भिंतीवर चौकोनी बटण असतं, ते दाबलं की दार आपोआप उघडतं. बटण दाबून एक-दोन पावलं मागे थांबा, कारण काही दारं तुमच्याच अंगावर उघडतात.

आईंना फक्त गुडघ्यांचा त्रास असेल तर मी पाथचा हट्ट धरणार नाही. युनियनहून सबवेच्या लाइन १ ने जा. युनिव्हर्सिटी रस्त्याखालून जाणाऱ्या फाट्याने आधी सेंट अँड्र्यू स्टेशन, मग ऑस्गुड. दोनच थांबे. युनियन, सेंट अँड्र्यू आणि ऑस्गुड तिन्हीकडे लिफ्ट आहे. ऑस्गुडहून सिटी हॉल पाच-सात मिनिटं, तेवढं मात्र वरून चालावं लागतं. प्रौढांचं भाडं प्रेस्टो या प्रवासाच्या कार्डावर ३.३० डॉलर, आणि त्यात दोन तास कितीही वेळा चढ-उतार करता येते. निघण्याआधी टीटीसीच्या (सबवे चालवणारी संस्था) वेबपानावर त्या दिवशी कुठली लिफ्ट बंद आहे ते बघून घ्या. हे विसरू नका, लिफ्ट बंद असली तर सगळा बेत बिघडतो.

कपड्यांचं पण सांगते, कारण भारतातून येणारे याच बाबतीत फसतात. बाहेर उणे दहा, आत वीस-एकवीस अंश. जाड कोट बंद ठेवून पाथमध्ये वीस मिनिटं चाललात तर घामाने भिजता, आणि भिजलेल्या अंगाने बाहेर पडलात की गारठा जास्त लागतो. आत शिरल्याबरोबर कोटाची चेन उघडा, टोपी-मफलर पिशवीत. आत पातळ स्वेटर, बाहेर एकच चांगला कोट, हे सर्वात सोयीचं. बुटांना बर्फासाठी काटे लावले असतील तर दारातच काढा. बर्फावर ते पकड देतात, पण ग्रॅनाइटवर घसरतात. बाहेरून येणाऱ्या दाराजवळची पहिली दहा-पंधरा पावलं सगळ्यात ओली असतात. आईंचा हात तिथे धरा.

उंबरठा

@सरळवाट, लिफ्टच्या वळशाचं अगदी बरोबर. एक जोड: सुट्टीच्या दिवशी काही ऑफिस इमारतींची लॉबी कुलूपबंद असते, तेव्हा तो वळसाही मिळत नाही. म्हणून आईंना घेऊन पहिली फेरी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी दोननंतर करा. गर्दी ओसरलेली असते आणि सगळं उघडं असतं.

वेळांचा नियम ढोबळ असा: वाट साधारण सबवेच्या वेळेत उघडी, दुकानं ऑफिसच्या वेळेत. बँकांच्या भागातली दुकानं सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहाच्या सुमारास शटर खाली. शनिवार-रविवारी त्या भागात बहुतेक बंद, रिकाम्या वाटेत आपल्याच पावलांचा आवाज येतो. युनियन आणि ईटन सेंटर हा मॉल मात्र सुट्टीलाही गजबजलेले. रविवारी सबवे उशिरा, आठच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे पहाटेचा बेत ठेवू नका.

एखादा दुवा दुरुस्तीसाठी किंवा मालक बदलल्यामुळे बंद असला तर खाली फिरत पर्याय शोधू नका. सगळ्यात जवळच्या जिन्याने वर या, एक चौक रस्त्यावरून चाला, पुढच्या इमारतीत पुन्हा उतरा. खाली दहा मिनिटांचा वळसा असतो तिथे वर दोन मिनिटं लागतात.

डबेवाट

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. फूड कोर्ट बऱ्याच आहेत: रॉयल बँक प्लाझा, टीडी सेंटर, फर्स्ट कॅनेडियन प्लेस, रिचमंड-अॅडलेड. बारा ते सव्वा एक बसायला जागा मिळत नाही. साडेअकराला किंवा दीडनंतर जा. तीननंतर बरेच गाळे आवरायला घेतात, संध्याकाळच्या जेवणावर विसंबू नका. शाकाहारी मिळतं, पण ग्रेव्हीत काय आहे ते विचारा. 'व्हेजिटेबल' लिहिलेल्या सूपाचं पाणी मांसाचं असू शकतं. 'व्हीगन' विचारलंत तर उत्तर जास्त स्पष्ट मिळतं. घरचा डबा फूड कोर्टात खाल्ला तर सहसा कुणी अडवत नाही. स्वच्छतागृहंही फूड कोर्टजवळच असतात, मधल्या वाटांवर नाहीत. आई-बाबांना घेऊन निघताना हे आधी नकाशावर बघून ठेवा.

नवा_टोरंटोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: बाबांना सीएन टॉवर बघायचाय, आणि ओंटारिओ तळंही. तिकडे पाथ जातो का? आणि मॉन्ट्रियलचं भूमिगत शहर याहून मोठं असं ऐकलंय, तिकडेही फेरी होणार आहे.

दिशादर्शक

जातो, पण तिथे तो जमिनीच्या वर येतो. युनियनच्या पश्चिमेला स्कायवॉक आहे, रुळांच्या अंगाने जाणारी काचेची झाकलेली वाट, १९८९ ची. पिअरसन विमानतळाहून येणारी यूपी एक्स्प्रेस याच स्कायवॉकमध्ये थांबते. विमानतळाहून पंचवीस मिनिटं, साधारण दर पंधरा मिनिटांनी गाडी. स्कायवॉकच्या टोकाला बाहेर पडून टॉवरच्या दारापर्यंत थोडं उघड्यावर चालावं लागतं. तेवढ्यासाठी टोपी-हातमोजे पिशवीतून काढा, त्या मोकळ्यात वारा फार असतो.

तळ्याकडे: युनियन → स्कोशियाबँक अरीना (खेळांचं स्टेडियम) → पुढे पुलांवरून क्वीन्स कीवरच्या वॉटरपार्क प्लेसपर्यंत. फ्रंट रस्त्याच्या दक्षिणेची जमीन भर घालून तयार केलेली आहे, जुना किनारा फ्रंटच्या आसपास होता. शिवाय मध्ये रेल्वेचा भराव आणि उन्नत महामार्ग. म्हणून या भागात दुवे वरच्या मजल्यावरून काढलेत. 'खाली जा' अशी पाटी शोधत बसू नका, इथे सरकत्या जिन्याने वर जायचं.

मॉन्ट्रियलचं जाळं, 'रेझो', साधारण ३२-३३ किलोमीटर. सुरुवात १९६२ च्या प्लास व्हिल मारीपासून, आणि १९६६ ला मेट्रो आल्यावर वाढलं. लांबी मोजायची पद्धत दोन्हीकडे वेगळी, त्यामुळे मोठं कोणतं हा वाद सुटत नाही. व्यवहारात फरक असा: तिथे सगळं मेट्रो स्टेशनांभोवती गुंफलेलं आहे, म्हणून इमारतीऐवजी स्टेशनाचं नाव लक्षात ठेवायचं. मॅकगिल आणि बोनाव्हेंचर ही दोन कळली की पुष्कळ झालं. पाट्या फ्रेंचमध्ये असतात: 'सॉर्ती' म्हणजे बाहेरचा रस्ता.

सरळवाट

मॉन्ट्रियललाही सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, तिथेही मेट्रोच्या पानावर आधी बघा. आणि टोरंटोत स्कायवॉकला जाताना आईंना युनियनच्या भव्य सभागृहातून नेऊ नका. तिथल्या जिन्यांपेक्षा यॉर्क कॉन्कोर्सच्या बाजूची लिफ्ट बरी पडते.